खालिद जमीलचा संघ: चूक खेळाच्या पद्धतीत आहे की निवडीत?

कूपरेज_गेट२

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताचा फुटबॉल संघ ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरल्यापासून जिथे बघावं तिथे एकच सूर आहे. खालिदचा खेळ जुनाट, बॉल वर मारायचा आणि मागे पळायचं, असा कोच राष्ट्रीय संघाला नकोच. बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरलो आपण, तेव्हा लोक चिडणारच. मीही त्या रात्री नीट झोपलो नाही. पण हा राग भलत्या ठिकाणी निघतोय असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

मुंबईकरांना खालिद नवा नाही. जन्म कुवेतचा, खेळला महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून, आणि २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचा कोच. त्या क्लबकडे पैसा कधीच नव्हता. कूपरेजवर त्यांच्या मॅचेस ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल, डोळ्यांना सुखावणारं फारसं काही नसायचं. दोन घट्ट फळ्या, मधली जागा बंद, कॉर्नर आणि फ्रीकिक मिळाली की सगळे उंच गडी पुढे. पण संघ दरवर्षी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकायचा. २०१६ ला त्याला काढलं. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि त्याच मोसमात खालिदचं ऐझॉल चॅम्पियन झालं. तेही असं ऐझॉल, जे आदल्या मोसमात खाली घसरलं होतं आणि नंतर परत घेतलं गेलं.

ऐझॉलची गोष्ट सांगताना सगळे जिद्द, मिझोरामचं वेड वगैरे सांगतात. ते खरंच आहे. पण मला त्यातली निवड जास्त महत्त्वाची वाटते. जाताना त्याने मुंबई एफसीतून आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना सोबत नेलं. दोघांना त्याची पद्धत तोंडपाठ होती. मध्ये महमूद अल अमना हा डोकं शांत ठेवणारा सीरियन आणि मागे-पुढे अखंड पळणारा आल्फ्रेड जार्यान. म्हणजे आधी माणसं ठरली, कोणाला काय करायचंय हे ठरलं, मग तीच माणसं आठवड्यामागून आठवडे खेळली. शेवटून दुसऱ्या मॅचला मोहन बागानविरुद्ध ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टेने हेडर मारला, तो गोल सरावातून आलेला होता.

राष्ट्रीय संघातही पहिल्या महिन्यात हेच दिसलं. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली, लगेच ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातल्या संघांची स्पर्धा. फिफाच्या विंडोबाहेरचं (राष्ट्रीय मॅचेससाठी राखलेल्या दिवसांबाहेरचं) शिबिर म्हणून मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. छेत्रीला खालिदने बोलावलंच नाही. उरलेल्यांतून त्याने संघ बांधला आणि हिसोरला यजमानांविरुद्ध पाचव्या मिनिटाला उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं डोकं, गोल. तेराव्या मिनिटाला झिंगन. २-१ ने जिंकलो, गुरप्रीतने पेनल्टी अडवली. उवैस जमशेदपूरला खालिदच्याच हाताखाली खेळलेला. त्याला नेमकं कुठून आणि कुठे फेकायचंय ते कोणी शिकवायची गरज नव्हती. इराणशी ०-३ हरलो, पण ८९ व्या मिनिटापर्यंत एकच गोल होता. मग ओमानशी १-१ आणि पेनल्टीवर ३-२. ओमानसमोर आपण सहसा शेवटपर्यंत टिकत नव्हतो हो!

आणि मग ऑक्टोबर. सिंगापूरशी दोन मॅचेस, आशियाई कपची पात्रता पणाला. बागानचे गडी परत आले, छेत्रीला परत बोलावलं. कागदावर संघ मजबूत झाला, मैदानावर मात्र हिसोरचा धागा तुटला. लिस्टन, सहल, छांगते ही सगळी पायात बॉल मागणारी मंडळी. छेत्री एक्केचाळिसाव्या वर्षी उंच बॉलमागे किती पळणार? त्यांच्या डोक्यावरून बॉल मारायचा तर त्यांना घ्यायचं कशाला? आणि त्यांना घेतलं तर खेळ त्यांच्यासारखा का नाही बदलला?

माझं म्हणणं एवढंच. शैली बचावाची असू दे. पण त्या शैलीला लागणारी माणसं नावं बघून बदलू नका. तुम्हाला काय वाटतं?

फातोर्डा_पूर्व

चांगला धागा. मी १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला होतो. छांगतेने १४ व्या मिनिटाला बाहेरून जो डाव्या पायाने मारला, तेव्हा स्टँड अक्षरशः हलला. आता हे जिंकतात असंच सगळ्यांना वाटलं.

पण पुढे जे झालं ते टीव्हीवर नीट कळलं नसेल, म्हणून सांगतो. गोलनंतर आपली मागची फळी आपल्याच बॉक्सच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि पुढचे तिघे मात्र अर्ध्या रेषेजवळ. मधल्या दोघांच्या वाट्याला एवढी मोठी जागा आली की त्यांनी कुठे कुठे पळावं? बॉल मागून सुटला की थेट सिंगापूरच्या सेंटर बॅककडे, तिथून परत आपल्याकडे. आमच्या बाजूच्या लायनीवर तर कोच हात खाली-वर करून सगळ्यांना वर चढायला सांगत होता. म्हणजे एवढं मागे बसायला त्याने सांगितलं नव्हतं. संघ घाबरून आपोआप मागे गेला. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगला बॉक्सच्या पुढ्यात नेमकी तीच जागा मिळाली. ५८ व्या मिनिटाला परत तोच, १-२ हरलो.

कूपरेज म्हणतात तसं माणसं आणि खेळ जुळत नव्हता हे पटतं. फक्त मी त्यात एक जोडेन. त्या दिवशी झिंगन नव्हता. आदल्या मॅचचं लाल कार्ड. मागून ओरडून फळी वर काढणारा तोच एक आहे. आमच्या एफसी गोवाकडूनही तेच करतो तो. तो नसला की फळी खाली घसरते, हे इथे दर आठवड्याला बघतोय आम्ही.

विंगबॅक

मूळ मुद्दाच मान्य नाही. हा खेळ २०२५ मध्ये चालणार नाही. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया सगळे बॉल पायात ठेवून खेळतात. आपण अजून थ्रो-इनवर जल्लोष करतोय. अफगाणिस्तानशी ०-० विसरलात वाटतं? तोही काफामधलाच. समोरचा स्वतः मागे बसला की खालिदकडे उत्तर नसतं. इराण आणि ओमानविरुद्ध हा खेळ चालतो कारण बॉल त्यांच्याकडे असतो. पात्रता फेरीत आपल्या गटात होते हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. तिथे जिंकायला लागतं.

आकडेबाज

@विंगबॅक, मग पासिंगवाल्यांचा हिशोबही बघूया.

राष्ट्रीय कोच म्हणून स्टिमाच २०१९ ला आला, तो हेच बोलत आला की आता मागून बॉल खेळत पुढे यायचं. जुलै २०१९, अहमदाबाद, इंटरकॉन्टिनेंटल कप. ताजिकिस्तानविरुद्ध मध्यंतराला २-० पुढे आणि शेवटी २-४. नंतर उत्तर कोरियाकडून २-५. त्याच ताजिकिस्तानविरुद्ध, त्यांच्या घरी, खालिदने २-० ची आघाडी घेऊन मॅच २-१ ने हातात ठेवली. स्टिमाचला स्थिर व्हायला चार वर्षं लागली. २०२३ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल, सॅफ जिंकलो, फिफा क्रमवारीत ९९ वर आलो, आणि जानेवारी २०२४ च्या आशियाई कपात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांविरुद्ध मिळून एकही गोल नाही.

मग त्याच्यानंतरचा कोच मानोलो. एफसी गोवाचा खेळ बघायला सुंदर, यात वाद नाही. भारताकडून ८ मॅचेस, विजय १, तो मालदीवविरुद्ध. हाँगकाँगला शेवटच्या क्षणी पेनल्टी देऊन हरलो, शिलाँगला बांगलादेशशी ०-०. खालिदच्या हाती गट आला तेव्हा दोन मॅचेसमध्ये एक गुण होता. हे विसरून चालणार नाही.

विंगबॅक

तो एक गुण मानोलोचा, मान्य. पण सिंगापूरच्या दोन मॅचेसमधून सहा गुण मिळाले असते तर आपण गटात जिवंत होतो. मिळाला एक. त्याचं काय?

कलांगचा_वारा

मी सिंगापुरातच राहतो, ९ तारखेला नॅशनल स्टेडियमला सहकुटुंब गेलो होतो. आपली मराठी मंडळी बरीच होती, ढोल नेता येत नाहीत म्हणून टाळ्यांवरच भागवलं.

पहिल्या अर्ध्याच्या शेवटी इखसान फांदीचा गोल, मध्यंतरानंतर लगेच ४७ व्या मिनिटाला झिंगनला दुसरं पिवळं. दहा जण, एक गोल मागे, परक्या मैदानावर. खरं सांगतो, मला वाटलं आता तीन-चार पडणार. पण तिथून संघ जो उभा राहिला तो मी भारताच्या संघाकडून क्वचित पाहिलाय. कोणी जागा सोडली नाही. ९० व्या मिनिटाला त्यांच्या बचावाचा बॅकपास आखूड पडला आणि रहीम अली त्यावर तुटून पडला, १-१. रहीम त्या बॉलमागे पळाला कारण तो तसा पळणारा खेळाडू आहे. कूपरेज यांना हेच म्हणायचंय ना? हरवलेल्या बॉलमागेही जीव तोडून पळणारा पुढे हवा. दहा जण असताना आपण खालिदच्या पद्धतीला जास्त जवळ होतो, अकरा असताना कमी. फातोर्ड्याला परत नावांकडे वळलो असं मला लांबून वाटलं.

जुनी_बुटं

स्टिमाचच्या आधीचा कोच कॉन्स्टंटाईन आठवा जरा. २०१५ मध्ये आपण क्रमवारीत १७३ वर होतो, दोन वर्षांत त्याने ९६ वर आणलं. तोही थेट खेळवायचा, ४-४-२, बॉल पुढे, छेत्री आणि जेजे. लोक त्यालाही जुनाट म्हणायचे. २०१९ च्या आशियाई कपात थायलंडला ४-१ मारलं. मग बहरीनशी बरोबरी झाली असती तरी पुढे जाण्याची दाट शक्यता होती, आणि आपण अख्खी मॅच बरोबरीसाठी खेळलो. ९१ व्या मिनिटाला पेनल्टी, ०-१, बाहेर. त्याच रात्री राजीनामा.

मला खालिदबद्दल हीच भीती आहे. थेट खेळायला हरकत नाही, थायलंडविरुद्ध थेट खेळूनच चार मारले होते. पण थेट खेळ आणि मागे बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते. फातोर्ड्याला आघाडी घेतल्यावर जे झालं ते बहरीनच्या मॅचचंच लांबलेलं रूप होतं. फातोर्डा_पूर्व म्हणतात की कोच वर चढायला सांगत होता. मग वर चढतील असे गडी का नाही घेतले? वेगवान सेंटर बॅक असल्याशिवाय फळी वर कशी राहील?

पंचगंगा_घाट

आमच्या कोल्हापुरात या चर्चा रोज चालतात, पण एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहितोय. खेळाडूंना मॅचेसच नाहीत! जुलैमध्ये आयएसएल, म्हणजे आपली मुख्य लीग, थांबली. महासंघ आणि आयोजक कंपनी यांचा करार संपत आलेला, नवा ठरेना. काही क्लबांनी सरावसुद्धा बंद ठेवला. डुरँड कप झाला, मग सुपर कप गोव्यात, बस. अशा अवस्थेत राष्ट्रीय कोच निवड कशावर करणार? चालू फॉर्म बघायला फॉर्म तर असायला हवा.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांच्या मॅचेसना भर उन्हात माणसं येतात. तिथल्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तीन महिने मॅच न खेळलेला गडी सत्तराव्या मिनिटाला काय करतो. उभा राहतो. फातोर्ड्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आपला संघ उभा राहिला होता. घाबरून मागे गेला म्हणता, मला वाटतं पाय संपले होते. ज्याचे पाय संपतात तो आधी गोलपाशी येऊन उभा राहतो, कारण तिथे कमी पळावं लागतं.

म्हणून खालिदला मी तरी एवढ्यात दोष देणार नाही. २०११-१२ च्या साव्हिओ मेदेरा यांच्यानंतर पहिल्यांदा भारतीय कोच मिळालाय, त्याला निदान एक धड मोसम तरी बघू दे.

कूपरेज_गेट२

@पंचगंगा_घाट, हा मुद्दा मोठा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. पाय नसतील तर ज्यांच्यात पाय आहेत त्यांना घ्या. ऑगस्टपासून शिबिरात एकत्र असलेल्या पोरांचे पाय बाकीच्यांपेक्षा बरे होते.

@जुनी_बुटं, बहरीनची आठवण योग्य जागी काढलीत. आता निवडीबद्दल माझी तक्रार अजून नेमकी मांडतो. जमशेदपूरला खालिदचा संघ २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत गेला. घरच्या मॅचला मोहन बागानला २-१ हरवलं, कोलकात्यात ०-२, तोही दुसरा गोल आपुइयाने भरपाई वेळेत लांबून मारला तेव्हा. सुपर कपची फायनलही खेळले. त्या संघात मागे स्टीफन एझे होता, हवेतला एकही बॉल न सोडणारा. पुढे सिव्हेरिओ आणि मरे, पाठीवर माणूस घेऊन बॉल थांबवणारे. पुढे बॉल थांबतोय म्हटल्यावर मागची फळी चार पावलं वर येते, मधल्यांना दम घ्यायला मिळतो. थेट खेळाचा सगळा कणा पुढच्या त्या एका माणसावर आहे. भारताकडे तो माणूस कोण? फातोर्ड्याला बॉल परत परत आपल्याकडे येत होता तो त्यामुळे. पासिंग येत नाही म्हणून नव्हे.

विंगबॅक

तो माणूस भारतात तयारच होत नाही. क्लब तिथे परदेशी खेळाडू घेतात. गेल्या आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वांत जास्त गोल कोणाचे? छेत्रीचे, १४. मानोलोने त्याला निवृत्तीतून परत आणला तो उगाच नाही. त्यामुळे छेत्रीला घेतल्याबद्दल खालिदला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. तुमच्याच लॉजिकने बोलायचं तर, जमशेदपूरचा खेळ परदेशी सेंटर फॉरवर्डवर उभा होता आणि राष्ट्रीय संघात परदेशी मिळत नाही. मग तो खेळ इथे आणायचाच कशाला?

फातोर्डा_पूर्व

छेत्रीबद्दल इथे कोणी वाकडं बोलू नये एवढीच विनंती. त्या रात्री तो मैदानात सगळ्यांत शेवटी स्टँडकडे वळून हात जोडत होता. २००५ पासून खेळतोय.

बाकी इरफान याडवाडला वेळ द्या. आमचा गोव्याचा पोरगा म्हणून नाही सांगत. अंगाने दणकट आहे, सेंटर बॅकला पाठीवर घेतो. काफाला होता तो.

आकडेबाज

@विंगबॅकचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर नॉर्थईस्ट युनायटेड या क्लबमध्ये आहे. जानेवारी २०२१ मध्ये मोसमाच्या मध्यावर खालिदच्या हाती तो संघ आला. त्याने नवा खेळ आणला नाही. आधीचं बरंचसं तसंच ठेवलं, अकरा जण जवळजवळ पक्के केले आणि प्लेऑफ गाठली. भारतीय कोचने आयएसएलमध्ये ते पहिल्यांदा केलं. म्हणजे हातात जे आहे त्यातून खेळ बसवणं त्याला येतं. पण त्यालाही सलग मॅचेस मिळाल्या होत्या, चार दिवसांनी एक. राष्ट्रीय कोचला महिन्याला दोन मिळतात. म्हणून इथे अकरा जण पक्के ठेवणं क्लबपेक्षाही जास्त गरजेचं.

कलांगचा_वारा

ढाक्याची मॅच पाहिलीत का कोणी नीट? ११ व्या मिनिटाचा गोल आपल्या आक्रमणानंतरच्या उलट्या धावेत पडला. रकीब डावीकडून मोकळा सुटला, मध्ये मोर्सालिन. आपण पात्रतेतून आधीच बाहेर होतो, गमावण्यासारखं काही नव्हतं, छेत्रीही नव्हता. पुढची ८० मिनिटं बॉल बहुतेक आपल्याकडेच, आणि काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा विंगबॅक यांची अफगाणिस्तानवाली शंका रास्त आहे. मागे पडल्यावर काय, याचं उत्तर खालिदला शोधावंच लागेल. लांब थ्रो आणि कॉर्नर एवढ्यावर ते मिळणार नाही.

जुनी_बुटं

एक साधी गोष्ट. पत्रकार परिषदेत खालिद फार मोजकं बोलतो, आधीपासूनच. क्लबात चाललं. राष्ट्रीय संघात लोकांना कारण हवं असतं, की अमुक का आला, तमुक का गेला. ते कोणी सांगत नाही म्हणून अफवा पिकतात.

कूपरेज_गेट२

@कलांगचा_वारा, ढाक्याबद्दल पूर्ण सहमत. तिथे बचाव करायचा नव्हता आणि दुसरा काही सरावच नव्हता. विंगबॅकना मी इतकं देतो की घरच्या मैदानावर कमजोर संघासमोर वेगळा आराखडा लागेल. पण तो आराखडाही त्याच दहा-बारा जणांना शिकवावा लागेल. नाहीतर दर विंडोला पहिला दिवस.

मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगशी घरची शेवटची मॅच. गटातली जागा त्याने बदलणार नाही, म्हणून मला त्या दिवशी निकालाआधी यादी बघायचीय. मागे झिंगन आणि अन्वर, जोडीला मुंबईचाच राहुल भेके. तिघांपैकी कोणाच्या जागी तरी एक तेवीसच्या आतला वेगवान पोरगा, म्हणजे फळी वर ठेवता येईल. डावीकडे उवैस, त्याच्या थ्रोसाठी तरी. छांगते हवाच, कारण उलट्या धावेत त्याच्याइतका वेग कोणाकडे नाही. पुढे रहीम किंवा इरफान, दोघांपैकी एक, आणि तो पुढच्या सहा मॅचेस बदलू नये, गोल झाला नाही तरी. सहल आणि लिस्टन यांच्यापैकी एकालाच जागा, आणि ज्याला मिळेल त्याला मागे पळायचंय हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकावं.

नौशाद मूसाच्या २३ वर्षांखालील संघातून कोणाला घ्यावं याबद्दल ज्यांनी त्यांच्या मॅचेस पाहिल्यात त्यांनी लिहा. सेंटर बॅक विशेषतः.